पहिला मेटल डिटेक्टर घ्यायचाय, ३०० पौंडांत काय बसेल? (इंग्लंड, लेस्टरशायर)

लेस्टरकर | २८ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी लेकीला घेऊन बॉसवर्थच्या रणभूमीवर गेलो होतो. १४८५ साली इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड जिथे पडला ती लढाई. ती इथेच झाली म्हणून जी टेकडी वर्षानुवर्षं दाखवत होते, तिथून खरी जागा सुमारे तीन किलोमीटरवर निघाली. आणि ती सापडली कशी, तर २००५ नंतरची काही वर्षं शेतं मेटल डिटेक्टरने रीतसर विंचरून. तोफांचे तीसहून जास्त शिशाचे गोळे मिळाले आणि एक चांदीचा, सोन्याचं पाणी दिलेला छोटासा रानडुक्कर. रानडुक्कर म्हणजे रिचर्डचं चिन्ह. लेक बारा वर्षांची आहे. घरी येईपर्यंत एकच विचारत होती, "बाबा, आपल्याला शोधता येईल का?"

तेव्हापासून रोज रात्री या 'रेलिक हंटिंग'बद्दल, म्हणजे जमिनीतल्या जुन्या वस्तू शोधण्याबद्दल, वाचतोय आणि डोकं भणभणलंय. माझ्यासमोर चार पर्याय आहेत:

मायनलॅब व्हॅन्क्विश ३४० (नवा),
नोक्टा सिम्प्लेक्स (नवा किंवा वापरलेला),
गॅरेट एस ३००आय (वापरलेला),
आणि ऑनलाइन मिळणारा ६० पौंडांचा एक, ज्याला साडेचार तारे आहेत.

सगळं मिळून ३०० पौंड. त्यापुढे एक पेनी जाणार नाही, घराचा हप्ता चालू आहे. मल्टी-फ्रीक्वेन्सी लागतेच का? किती खोल जातं? वॉटरप्रूफ हवं का? इथे कोणी हा छंद करतं का, तेही माहीत नाही, पण विचारून बघतो.

शेतवाट | २८ जून, रात्री ११:०२

करते. सफोकमध्ये राहते, नऊ वर्षं झाली.

तुम्ही चार मशीनं लिहिलीत, शेत एकही लिहिलं नाहीत. कोणाच्या जमिनीवर शोधणार आहात? इथे मालक नाही अशी जमीनच नसते. पार्क कौन्सिलचं, पायवाटेची कड शेतकऱ्याची, किनारा क्राउन इस्टेटचा नाहीतर आणखी कोणाचा. लंडनला थेम्सच्या काठावर तर नुसतं डोळ्यांनी शोधायलाही परवाना लागतो. त्यामुळे आधी परवानगी, तीही लेखी, आणि सापडेल त्याचा वाटा कसा करायचा हे त्याच कागदावर.

मी हे शिस्त म्हणून सांगत नाहीये. मशीन कोणतं घ्यायचं ते शेतच ठरवतं, म्हणून सांगतेय. नांगरलेलं रान असेल तर एक, शेकडो वर्षं न मोडलेलं कुरण असेल तर वेगळं, जुन्या गोठ्यामागची खिळ्यांनी भरलेली जागा असेल तर आणखी वेगळं. मी पहिलं मशीन आधी घेतलं आणि शेत नंतर शोधलं. सात महिने ते घरात भिंतीला टेकून उभं होतं.

लेस्टरकर | २९ जून, सकाळी ७:३०

ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण शेतकऱ्याच्या दारात हात हलवत कसं जायचं? तो विचारेल, तुमच्याकडे मशीन कुठाय?

शेतवाट | २९ जून, दुपारी १:१०

आजवर मला एकानेही विचारलं नाही. विचारतात ते हे: खड्डे बुजवणार का, फाटक लावून घेणार का, गुरं बिथरली तर काय, विमा आहे का. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचं सभासदत्व घ्या, त्यात सार्वजनिक दायित्वाचा विमा येतो. ते कार्ड खिशात असलं की निम्मं बोलणं आपोआप होतं.

पैशांचं म्हणाल तर ३०० मधले २०० च्या वर मशीनला घालू नका. उरलेल्यात पिनपॉइंटर, चांगलं फावडं, हेडफोन आणि सभासदत्व. पिनपॉइंटर म्हणजे खड्ड्यात घालायची ती गाजराएवढी कांडी. तिच्याशिवाय एका बटणासाठी वीस मिनिटं माती चिवडत बसाल, आणि खड्डा तिप्पट होईल. नवशिके नेमकं इथेच वाचवायला जातात.

तरंग | २९ जून, रात्री ९:४५

इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे, म्हणून मशीनच्या पोटात काय चालतं ते सांगतो.

तुमच्या यादीतली सगळी व्हीएलएफ, म्हणजे अगदी कमी फ्रीक्वेन्सीवर चालणाऱ्या जातीची आहेत. दांड्याच्या टोकाला जी थाळी असते, तिच्यात दोन कॉइल असतात. एक सतत चुंबकीय लहरी सोडते, दुसरी ऐकते. दोघी अशा बसवलेल्या असतात की एरवी एकीचं दुसरीला काही ऐकू जात नाही. खाली धातू आला की त्यात भोवरे प्रवाह तयार होतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ऐकणाऱ्या कॉइलचा तोल मोडतो. परत आलेली लहर किती उशिरा आली, यावरून मशीन अंदाज बांधतं: लोखंड आहे, शिसं आहे की चांदी. पडद्यावरचा आकडा म्हणजे हाच अंदाज. धातूचं नाव त्याला कळत नसतं.

ढोबळमानाने, कमी फ्रीक्वेन्सीला मोठ्या आणि चांगल्या वाहक वस्तू नीट दिसतात, जास्त फ्रीक्वेन्सीला बारीक आणि पातळ. एस ३००आय ८ किलोहर्ट्झवर चालतं, मूळचं सिम्प्लेक्स प्लस १२ वर. व्हॅन्क्विश एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी सोडतं. फायदा हा की जमिनीतली खनिजं वजा करायला त्याला जास्त माहिती मिळते.

आणि जमीन गप्प नसते बरं का. पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी डिटेक्टर बनवला होता. प्रयोगशाळेच्या फरशीवर अंगठी ओळखायचा. परीक्षकांसमोर मैदानात नेला तर पाऊल टाकेन तिथे कोकलायला लागला. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात मॅग्नेटाइट भरलेलं. मशीनला सगळी जमीनच लोखंड वाटत होती. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज वजा करायची सोय, कशाला लागते ते मी त्या दिवशी शिकलो. ६० पौंडांच्या मशीनमध्ये तो बहुतेक नसतोच, म्हणून ते दिवाणखान्यात चालतं आणि शेतात नाही.

वॉटरप्रूफचं: थाळी बहुतेकांची पाण्यात चालते. सिम्प्लेक्स पूर्ण बुडवता येतं. ओढ्यात उतरणार नसाल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. पावसासाठी पडदा-बटणांच्या डबीवर प्लास्टिकची पिशवी पुरते.

एडिनबराकर | ३० जून, सकाळी ८:०५

वाचतोय. स्कॉटलंडमध्ये येणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: इकडे सापडलेली प्रत्येक जुनी वस्तू कळवावी लागते, सोनं असो की पितळेची कडी. इंग्लंडचे नियम इकडे लागू नाहीत. उत्तर आयर्लंडमध्ये तर पुरावस्तू शोधण्यासाठी खणायलाच परवाना लागतो.

लेस्टरकर | ३० जून, रात्री ८:२०

आणि इंग्लंडचे नेमके काय? मी वाचलं ते 'ट्रेझर म्हणजे ३०० वर्षं' एवढंच.

शेतवाट | ३० जून, रात्री १०:३०

१९९६ चा ट्रेझर कायदा. ३०० वर्षांहून जुनी वस्तू, तिच्यात वजनाने किमान १० टक्के सोनं किंवा चांदी. नाणी एकाच ठेव्यातली असतील तर अशी दोन पुरेत, तांब्या-पितळेची असतील तर दहा. प्रागैतिहासिक असेल तर साध्या धातूच्या दोन वस्तूसुद्धा. जुलै २०२३ पासून यात भर पडली: २०० वर्षांहून जुनी आणि इतिहासाच्या दृष्टीने फारच महत्त्वाची वस्तू, मग धातू कोणताही असो. कळल्यापासून १४ दिवसांत कॉरोनरला, म्हणजे ट्रेझरची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवायचं. प्रत्यक्षात आपण जिल्ह्याच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला (सापडलेल्या वस्तूंची नोंद करणारा अधिकारी) भेटतो आणि पुढचं तिथून होतं.

एकटंदुकटं नाणं सहसा ट्रेझर होत नाही, चांदीचं असलं तरी. पण ते पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये नोंदवा. ही ब्रिटिश म्युझियमची योजना १९९७ पासून चालू आहे आणि नोंदी पंधरा लाखांच्या पुढे गेल्यात. नोंदणी ऐच्छिक आहे, पण मी ती सोडत नाही.

संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय डिटेक्टर लावणं हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. नकाशे ऑनलाइन आहेत, शेतकऱ्याकडे जायच्या आधी बघा. कित्येकदा त्यालाही माहीत नसतं. आणि बॉसवर्थला जाऊन शोधायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

लेस्टरकर | १ जुलै, सकाळी ७:१५

सोडला ताई. खरंच होता.

व्हर्जिनियाकर | २ जुलै, पहाटे ४:५०

अमेरिकेतून. 'रेलिक हंटिंग' हा शब्द जास्त करून आमच्याकडचा, म्हणजे यादवी युद्धाच्या छावण्यांच्या जागा, मिन्ये गोळ्या (त्या युद्धातल्या टोकदार बंदुकीच्या गोळ्या), गणवेशाची बटणं. यूट्यूबवर बघाल ते निम्मं इकडचं असेल, म्हणून सावध करतो. कल्पेपरच्या बाजूची आमची लाल माती इतकी लोहयुक्त आहे की चांगलं व्हीएलएफसुद्धा चार-पाच इंचांखालच्या गोळीला लोखंड म्हणतं. म्हणून इथले लोक पल्स इंडक्शन या वेगळ्या जातीची, हजारो डॉलरची मशीनं घेतात. ती लेस्टरशायरच्या चिकणमातीत घेऊन काय करणार? प्रत्येक खिळा खणत बसाल.

कायदाही निराळा. संघराज्याच्या जमिनीवर १९७९ चा पुरातत्त्व संरक्षण कायदा, नॅशनल पार्कात तर वापरायच्या तयारीत डिटेक्टर बाळगणंही बंद. खासगी जमिनीवर मात्र मालकाची परवानगी पुरते. त्यामुळे इकडे नोंदणीची सवयच नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. डबे भरून गोळ्या घरांत पडल्यात, कुठल्या शेतातल्या ते कोणालाच सांगता येत नाही.

गडवेडा | २ जुलै, दुपारी १२:४०

मस्त धागा! मी साताऱ्याचा, दर रविवारी गडावर. पावसाळ्यानंतर घेऱ्यात शिवराई सापडल्याचं जुने लोक सांगतात. असं मशीन आपल्याकडे आणून गडाच्या पायथ्याला फिरवलं तर? विकायला नाही, फक्त आवड म्हणून.

गोदाकाठ | २ जुलै, दुपारी ३:५५

गडवेडा, तुमची आवड खरी आहे हे तुमच्या लिहिण्यातून कळतंय, म्हणून सविस्तर लिहिते. मी पुरातत्त्व शिकले आहे, काही उत्खननांत हाताने माती काढली आहे.

आधी कायदा. १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. केंद्र संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा, राज्य संरक्षितांना महाराष्ट्राचा १९६० चा. संरक्षित जागी परवान्याशिवाय खणता येत नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा वेगळाच. इंग्लंडसारखी 'शोधा आणि नोंदवा' अशी व्यवस्था आपल्याकडे नाही. त्यामुळे पायथ्याला असो की माचीवर, नका करू.

आता कायद्यापलीकडचं. नाणं जमिनीतून उपटलं की नाणं हातात राहतं, बाकी सगळं जातं. ते चुलीच्या राखेत होतं की दरवाज्याच्या उंबऱ्याखाली, सोबत खापर कोणतं होतं, वरचा थर जळलेला होता का. शिवराया बाजारात पोत्याने मिळतात, त्या कुठून आल्या हे मिळत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. सोन्याच्या मोहरा आहेत अशी आवई उठली होती. उभी शेतं खड्ड्यांनी भरली. तिथे इतिहासाचं जे काही होतं ते आता कोणालाच वाचता येणार नाही.

आणि मशीन वाईट असतं असं माझं मुळीच म्हणणं नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १९८३ मध्ये गवताला आग लागली. पुढच्या वर्षी तिथे पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टरवाल्या स्वयंसेवकांना रांगेत चालवलं. प्रत्येक काडतुसाच्या जागी झेंडा, प्रत्येकाचं मोजमाप. काडतुसावर आपटणाऱ्या बंदुकीतल्या फायरिंग पिनची खूण प्रत्येक बंदुकीची वेगळी उमटते, त्यावरून एकेक बंदूक रणांगणावर कुठून कुठे सरकली तेही काढता आलं. बॉसवर्थचं लेस्टरकरांनी वर लिहिलंच आहे. तेच मशीन. फरक पडला तो जागा टिपून ठेवल्यामुळे.

साताऱ्यात आवड भागवायची असेल तर संवर्धनाची कामं करणाऱ्या गटांसोबत गडावर जा, वीरगळांची नोंद करा. कित्येक गावांत वीरगळ अजून कोणी मोजलेलेसुद्धा नाहीत.

गडवेडा | २ जुलै, सायंकाळी ६:३०

पटलं. मशीनचा विचार सोडला. आमच्या गावात मारुतीच्या देवळामागे तीन वीरगळ पालथे पडलेत. या रविवारी फोटो काढून आणतो, कसे नोंदवायचे ते सांगाल का?

गोदाकाठ | २ जुलै, सायंकाळी ७:०५

नक्की सांगेन. वेगळा धागा काढा. आणि उलटवू नका, आहेत तसेच फोटो घ्या.

लेस्टरकर | ९ ऑगस्ट, रात्री ९:००

सव्वा महिन्याने येतोय. २२ चिठ्ठ्या टाकल्या, ११ दारं वाजवली. नऊ जण सरळ नाही म्हणाले, एकाकडे आधीच एक क्लब आहे. अकराव्या घरी सत्तरीच्या आजी भेटल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ट्रेलरची पिन शोधून द्याल का? गेल्या सुगीत वरच्या रानात पडली, नवऱ्याच्या हातची होती." नवरा आता नाही. मी म्हटलं, शोधतो. सही मिळाली.

जमीन अशी: एक मोठं कुरण, त्यात मध्ययुगीन नांगरटीचे वरंबे आणि सऱ्या अजून लाटांसारखे दिसतात. पलीकडे गव्हाचं रान, काढणी महिनाअखेर होईल. कोपऱ्यात जुन्या कोठाराची जागा, तिथे विटा आणि खिळेच खिळे. शेतात कचऱ्याचं खत टाकता का हेही विचारलं (कुठेतरी वाचलं होतं), नाही म्हणाल्या. नकाशे पाहिले, संरक्षित काही नाही.

शेतवाट | ९ ऑगस्ट, रात्री ९:२५

वा! खताचं विचारलंत ते फार बरं केलंत. ग्रीन वेस्ट टाकलेल्या शेतात डब्यांचे तुकडे आणि चांदी-कागद इतका असतो की कोणतंही मशीन वेडं होतं.

पिनेवरून आठवलं. १९९२ साली आमच्या सफोकमध्ये हॉक्सन गावात एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला. त्याने मित्राला डिटेक्टर घेऊन बोलावलं, एरिक लॉज त्याचं नाव. हातोड्याऐवजी रोमन नाणी वर यायला लागली. त्याने काय केलं, तर थोडं काढून हात आवरला आणि कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी येऊन खणलं तेव्हा ओकच्या पेटीत ठेवलेल्या वस्तूंची मांडणीसुद्धा कळली. १४,८६५ नाणी, शिवाय दागिने आणि चमचे. हातोडाही सापडला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कधी खड्ड्यातून एकामागून एक काही यायला लागलं तर थांबायचं, झाकायचं आणि फोन करायचा. बाँबगोळ्यासारखं काही दिसलं तरी तसंच: हात न लावता लांब व्हायचं आणि ९९९.

आता मशीनबद्दल बोलता येईल. कोठाराच्या कोपऱ्यामुळे माझं मत व्हॅन्क्विशकडे झुकतं, पण ३४० नको, वापरलेलं ४४० बघा. ३४० ला पिनपॉइंट मोड नाही. ४४० ला आहे आणि त्याची १० बाय ७ इंचांची थाळी खिळ्यांत शिरायला बरी. थाळी मोठी असली की खोल जाते हे खरं, पण एकाच वेळी खाली चार खिळे आणि एक नाणं आलं की खिळे नाण्याला गिळतात. सिम्प्लेक्सही चांगलं आहे, सोबत लहान थाळी मिळत असेल तर तेही चालेल. या दोघांतल्या फरकापेक्षा तुम्ही किती तास चालता याने जास्त फरक पडेल.

वापरलेलं घेताना घरी जाऊन बघा, पोस्टाने नको. नामांकित कंपन्यांच्या हुबेहूब नकला बाजारात आहेत, तेव्हा सीरियल नंबर आणि मूळ पावती मागा. थाळीची केबल बुडापाशी हलवून बघा, खोटा आवाज येतो का. खिशात जुनं नाणं आणि एक गंजका खिळा न्या.

तरंग | ९ ऑगस्ट, रात्री १०:१०

नाण्याबद्दल एक. चाचणीला हल्लीची पेनी नेऊ नका. सप्टेंबर १९९२ पासून १ आणि २ पेन्स पोलादाचे आहेत, वर तांब्याचा मुलामा. ५ आणि १० पेन्सही २०१२ पासून पोलादी. घरात चुंबक असेल तर लावून बघा. मशीन त्यांना भलतंच काही म्हणेल आणि तुम्ही चांगलं मशीन परत द्याल. १९९२ च्या आधीची पेनी शोधून न्या.

लेस्टरकर | २४ ऑगस्ट, दुपारी ४:४०

४४० घेतलं! वापरलेलं, १७० पौंड. गृहस्थांनी पावती दिली, बागेत चालवून दाखवलं. पिनपॉइंटर ५५, फावडं ३२, सभासदत्व धरून ३०० च्या आत. हेडफोन घरचेच.

लेकीने बागेत 'शेत' केलंय: १९७१ ची पेनी, आईची तुटकी चांदीची जोडवी, कोकच्या डब्याची कडी, खिळा. प्रत्येकावर आइस्क्रीमची काडी. अडचण अशी की जोडव्यांचा अर्धा तुकडा आणि डब्याची कडी यांचा आकडा जवळजवळ सारखाच येतोय. मग कडी वगळायची कशी?

शेतवाट | २४ ऑगस्ट, सायंकाळी ५:३०

वगळायची नाही. खणायची.

हे जरा मनापासून सांगते. पहिल्या वर्षी मी डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको ते धातू गाळायची सोय, इतकं चढवून ठेवायचे की मशीन फक्त 'चांगलं' तेवढंच बोलायचं. दोन महिने दिवसाकाठी एखाददुसरं चालू नाणं मिळायचं. क्लबमधल्या एका आजोबांनी माझ्या हातातून मशीन घेतलं, सगळं बंद केलं आणि मी आत्ताच चाललेल्या पट्ट्यावरून परत चालायला लावलं. तिथून ट्यूडर काळातला पट्ट्याचा बक्कल निघाला आणि एक शिशाचं वजन. दोन्हींवरून मी तासापूर्वी चालत गेले होते.

पहिले पन्नास तास सगळं खणा. कान तयार होतो. खिळा दोन्ही बाजूंनी ऐकला तर एकीकडून टोकदार बोलतो, दुसरीकडून तुटतो, कधी दोनदा टिकटिकतो. नव्वद अंशांत फिरून पुन्हा ऐका. गोल, भरीव वस्तूचा आवाज कुठूनही आलात तरी तसाच राहतो. थाळी जमिनीला समांतर, गवताला घासत, सावकाश. झाडू मारल्यासारखी टोकाला वर उचलू नका.

कुरणात ढेकूळ कापताना घोड्याच्या नालेसारखं तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू जोडलेली ठेवा. काढलेली माती फडक्यावर. ढेकूळ परत बसवून पायाने दाबलं की आठवड्याने कुठे खणलं ते तुम्हालाही कळता कामा नये. आजींनी सही दिली आहे, ती टिकवा.

लेस्टरकर | ७ सप्टेंबर, रात्री ९:५०

आज पहिला पूर्ण दिवस, गव्हाच्या खुंटांवरून. साडेपाच तास. खिळे १४, काडतुसांच्या पितळी टोप्या ६, शिशाचे ओघळ, एक तिसऱ्या जॉर्जची अर्धी पेनी, चेहरा पार झिजलेला. चौथ्या तासाला पिन सापडली. वीतभर लांब, डोक्याला वेल्डिंगने कडी जोडलेली. आजींना दिली तेव्हा त्यांनी ती ओच्याला पुसली आणि बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या. आम्ही तिघंही काही बोललो नाही.

आणि एक गोळी. मातीतून काढली तेव्हा चुन्यात घोळल्यासारखी पांढुरकी, गुळगुळीत, आकाराच्या मानाने चांगलीच जड. भोवती केसाएवढी बारीक रेघ, साच्याच्या दोन अर्ध्या भागांची. एका जागी गोल डाग, शिसं ओतायची नळी तिथे कापलेली. व्यास १५ मिलिमीटर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर २० ग्रॅम. लेक म्हणते, सिव्हिल वॉरची, म्हणजे इंग्लंडच्या सतराव्या शतकातल्या यादवीची. खरं का?

गोदाकाठ | ८ सप्टेंबर, सकाळी ६:४०

असूही शकते, पण एकट्या गोळीवरून सांगता येत नाही. अशा गोळ्या कित्येक पिढ्या ओतल्या गेल्या, शिकारीलाही वापरल्या. जागा लिहिलीत ना? एखाद्या वर्षात आणखी दहा निघाल्या आणि नकाशावर एका ओळीत बसल्या, तर ती ओळ काहीतरी सांगेल. पांढरा थर घासू नका. तो शिशाचं संरक्षण करतो, आणि हातही धुवा.

लेस्टरकर | ८ सप्टेंबर, सकाळी ७:२०

दहा आकडी ग्रिड संदर्भ लिहिलाय, फोनवरून. पिशव्या लेकीकडे, चिठ्ठ्या तीच लिहिते.

लेस्टरकर | १२ ऑक्टोबर, रात्री ८:३५

ताई, आज कुरणात वरंब्याच्या उतारावर एक फार बारीक आवाज आला. आकडा चांदी-कागदाचा. मी पुढे निघालो होतो, लेकीने थांबवलं: "पन्नास तास झाले नाहीत अजून, बाबा." ४१ झालेत, ती मोजते. पाच इंचांवर, पिनपॉइंटरच्या टोकाला चिकटलेल्या मातीत एक तिकोनी चकती. करंगळीच्या नखापेक्षा लहान. काळपट, एक कड गोलाई घेतलेली, दोन कडा सरळ कापलेल्या. एका बाजूला क्रॉसची एक लांब भुजा आणि कोनात तीन ठिपके. आम्ही तिथेच गुडघ्यांवर बसलो होतो, पाऊस लागला तरी उठलो नाही.

शेतवाट | १२ ऑक्टोबर, रात्री ८:४२

लेस्टरकर, ही लाँग क्रॉस पेनीचा चौथा तुकडा आहे! भुजा कडेपर्यंत जाते ना? मग तिसऱ्या हेन्रीचा काळ, १२४७ नंतरचा. तेव्हा सुट्टे पैसे म्हणून पेनीच क्रॉसच्या रेघेवरून कातरायचे, अर्धी आणि पाव. १२७९ पासून पहिल्या एडवर्डने गोल फार्दिंग (पाव पेनीची नाणी) पाडायला घेतली आणि कातरायची गरज संपत गेली. अख्खी पेनीच दीड ग्रॅमच्या आत, तर तुमचा तुकडा असेल ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. म्हणूनच आकडा चांदी-कागदाचा आला.

गडवेडा | १२ ऑक्टोबर, रात्री ८:५५

म्हणजे पेनीची पावलीच की!

शेतवाट | १२ ऑक्टोबर, रात्री ९:०१

अगदी पावली. लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या. धुऊ नका, घासू नका, बोटांनी वाकवू तर मुळीच नका. डबीत मऊ कागदाच्या घडीत ठेवा. एकटं नाणं आहे, कॉरोनरकडे जायची गरज नाही, पण लायझन ऑफिसरची वेळ घ्या आणि लेकीला सोबत न्या.

लेस्टरकर | ३० नोव्हेंबर, सकाळी १०:१५

नोंद झाली. पावली आणि गोळी दोन्ही. ऑफिसरबाईंनी लेकीला भिंगातून ठिपके दाखवले. शोधणारी म्हणून कोणाचं नाव लिहायचं विचारलं, तेव्हा मी तिच्याकडे बोट केलं.

वाट्याचं आजींशी बोललो. त्या म्हणाल्या, विकायची नसेल तर वाटा कसला, मला फक्त दाखवायला आणत जा. मग आत जाऊन एक जुना नकाशा घेऊन आल्या, सासऱ्यांच्या काळचा, प्रत्येक शेताचं नाव हाताने लिहिलेला. वरच्या रानाचं नाव त्यावर 'चॅपल क्लोज' आहे. चॅपल आज तिथे कुठेच नाही. गोदाकाठ, जिल्ह्याच्या नोंदींत हे कुठे बघायचं? आजी म्हणतात, आधी बघा, मगच तिथे पुन्हा फावडं लावा.